कामगार संघटना : कोणाचे हित, कोणाची सत्ता?

राज्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात ‘दबावगट’ नावाचे एक प्रकरण असते. व्यापाऱ्यांची मंडळे, शेतकरी संघटना, विद्यार्थी संघटना आणि कामगार संघटना त्यात एका रांगेत बसवलेल्या असतात. व्याख्याही सोपी असते. स्वतः निवडणूक लढवून सत्तेवर न येता, सत्तेवर असलेल्यांकडून आपल्या सभासदांच्या हिताचे निर्णय करून घेणारा संघटित समूह म्हणजे दबावगट. विद्यार्थी ही व्याख्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. या व्याख्येतील ‘सभासदांचे हित’ या दोन शब्दांपाशी थांबायचे मात्र राहून जाते. सभासद कोण? त्याचे हित कोणते? आणि ते हित ठरवले कोणी?

आपल्या चळवळीत कामगार संघटनांविषयी दोन मते कायम ऐकू येतात. पहिले मत असे की, कामगाराला जात नसते. जातीचा प्रश्न काढणे म्हणजे मालकाच्या हाती काठी देणे. दुसरे मत असे की, संघटना सवर्ण कामगारांच्या. आपल्या माणसाने तिथे वर्गणी भरावी, मोर्चात चालावे आणि रिकाम्या हाताने घरी यावे. पहिले मत इतिहासाशी प्रामाणिक नाही. दुसरे मत इतिहासातून निघालेले आहे, पण ते अपुरे आहे. संघटनेचे बळ कुठून येते आणि ते कोणाच्या दारापर्यंत जाऊन थांबते, हे समजून घेतल्याशिवाय दोन्ही मतांच्या पुढे जाता येणार नाही.

संघटनेचे बळ कशात असते?

कामगार संघटनेकडे चार प्रकारचे बळ असते. पहिले आणि मूळ बळ म्हणजे काम थांबवण्याचे. मालकाकडे यंत्र असते, जागा असते, भांडवल असते. पण हात थांबले की यंत्र लोखंड होऊन पडते. हे बळ सर्व कामगारांकडे सारखे नसते. ज्याच्या थांबण्याने सगळा कारखाना थांबतो त्याचा शब्द जड असतो. ज्याच्या जागी दुसऱ्या दिवशी दारावरचा दुसरा माणूस उभा करता येतो त्याचा शब्द हलका असतो.

दुसरे बळ मतांचे. हजारो कामगार एका वस्तीत राहतात, तेव्हा तो मतदारसंघ होतो आणि पुढाऱ्याला तिथे यावे लागते. तिसरे बळ कायद्याचे. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा होण्यापूर्वी संप करणे म्हणजे कट करणे, मालकाचे नुकसान करणे, असे ठरवता येत होते. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या प्रकरणात तिथल्या संघटनेच्या पुढाऱ्यांवर हायकोर्टाने मनाईहुकूम बजावला होता. १९२६ च्या कायद्याने नोंदणीकृत संघटनेला अशा दाव्यांपासून संरक्षण दिले आणि राजकीय कामासाठी वेगळा निधी ठेवण्याची मुभाही दिली. म्हणजे संघटना राजकारण करते, हे कायद्यानेच गृहीत धरले आहे. चौथे बळ वाटाघाटीच्या मेजावरच्या खुर्चीचे. मालक आणि सरकार कोणाशी बोलणार, हे ठरले की बाकीचे बरेच काही ठरते.

इथे एक अडचण आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली ती नेमकी मांडली. पगारवाढ झाली की ती सर्वांना मिळते. लढणाऱ्याला मिळते तशी घरी बसणाऱ्यालाही मिळते. मग लढायचे कोणी? म्हणून मोठा समूह आपोआप संघटित होत नाही. लहान आणि सधन गट मात्र लवकर एक होतात. गिरणीमालकांची संघटना १८७५ साली उभी राहिली. गिरणी कामगारांच्या वतीने सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सभा भरवून सरकारकडे निवेदन दिले आणि रविवारची सुट्टी पदरात पडायला १८९० उजाडले.

ओल्सन यांच्या मांडणीत एक गोष्ट मात्र गृहीत आहे. लढ्याचे फळ समूहातल्या सर्वांना सारखे मिळते, असे ते धरून चालतात. आपल्याकडे इथेच पाणी मुरते.

धोट्याचे सूत

मुंबईच्या गिरणीत अनेक खाती असत. त्यांत विणकाम खात्यात, म्हणजे साच्यावर, पगार चांगला. रिंग खात्यात पगार कमी. अस्पृश्य कामगार रिंग खात्यात भरती होई. साच्यावर त्याला प्रवेश नव्हता. ही बंदी मालकाच्या कोणत्या नियमात लिहिलेली नव्हती. धोट्यात नवी कांडी बसवली की तिच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. तोच धोटा दुसऱ्याच्याही हातातोंडाशी येई. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेले सूत आपण तोंडात कसे घ्यायचे, हा सवर्ण विणकराचा प्रश्न होता. ज्या कामगाराचा घाम मालक पीत होता, तो कामगार शेजारच्या कामगाराच्या थुंकीचा हिशेब करीत होता.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत प्रचंड संप झाला. जवळजवळ सगळ्या गिरण्या सुमारे सहा महिने बंद होत्या आणि दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. याच संपातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. मजुरांच्या राजकारणात असा विजय मुंबईने पूर्वी पाहिला नव्हता. या संपाच्या मागण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करावे ही मागणी घालावी, असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धरला. संपाच्या पुढाऱ्यांना ती अडचणीची वाटली. मागणी घातली नाही तर आपण अस्पृश्य कामगारांना संपातून बाहेर पडायला सांगू, असे बाबासाहेबांनी बजावले, तेव्हा ती नाइलाजाने स्वीकारली गेली. पुढे फॉसेट समितीसमोर हा विषय गेला, तेव्हा मालकांच्या बाजूने उत्तर आले ते असे, की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. उत्तर मालकाच्या सोयीचे होते, पण खोटे नव्हते. आणि म्हणूनच ते चळवळीला झोंबणारे होते.

या प्रसंगाकडे आपण सहसा अस्पृश्यतेची एक कथा म्हणून पाहतो. दबावगटाच्या दृष्टीने पाहिले तर तो त्याहून अधिक काही सांगतो. संपात उपासमार सर्व खात्यांत सारखी होते. साचेवाल्याच्या घरची चूल विझते, तशी रिंग खात्यातल्या कामगाराचीही विझते. उलट ज्याचा पगार कमी, त्याची शिल्लक आधी संपते आणि सावकार आधी दारात येतो. पण संप जिंकल्यावर वाढ मिळते ती खात्याप्रमाणे. म्हणजे त्याग सारखा आणि लाभ विषम. १९२९ सालच्या पुढच्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला म्हणून त्यांना संपफोडे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडून पाहिला नाही. आधीच्या सहा महिन्यांनी कर्जात बुडालेल्या माणसाला पुन्हा कोणासाठी उपाशी राहायचे, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार होता.

हे मुंबईपुरते नव्हते. मद्रासच्या त्याच बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांत १९२१ साली संप झाला, तेव्हा आदि-द्रविड कामगारांपैकी बरेच जण कामावर गेले. त्यातून पुलियनतोप भागात दंगली झाल्या, घरे जळाली. संघटना जेव्हा आतली विषमता झाकून ऐक्याची मागणी करते, तेव्हा ते ऐक्य मालकाच्या पहिल्या धक्क्याला फुटते. मग दोष फुटलेल्या तुकड्याला दिला जातो.

दोन शत्रू

यावरून बाबासाहेब कामगार संघटनांच्या विरोधात होते असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. १९३६ साली त्यांनी काढलेल्या पक्षाचे नावच स्वतंत्र मजूर पक्ष होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुत्व यांचा अभाव, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. अस्पृश्याला रेल्वेत गँगमन म्हणूनच का राहावे लागते? साधे पोर्टरचे कामसुद्धा त्याला का मिळत नाही? स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला वापरतो आणि अस्पृश्य त्याच्या घरात चालत नाही, हे त्याचे कारण त्यांनी दाखवून दिले. जात ही घरात असते आणि कामाच्या ठिकाणी नसते असे मानणाऱ्यांना याहून सोपे उत्तर देता येणार नाही.

त्याच वर्षी मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. काही परिस्थितीत संप हा गुन्हा ठरवणारी तरतूद त्यात होती. विधिमंडळात बाबासाहेबांनी संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, अशी भूमिका घेतली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्याशी भांडण झाले त्यांच्याच खांद्याला खांदा लावून ते उभे राहिले. यात विसंगती नाही. संपाचा हक्क हे दलित कामगाराचेही शस्त्र आहे. ते कोणासाठी चालवायचे हे दुसऱ्याने ठरवू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. मालकाने प्रातिनिधिक संघटनेला मान्यता दिलीच पाहिजे, असे दुरुस्ती विधेयक त्यांनी १९४३ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. पुढे १९४७ साली अशा आशयाचा कायदा मंजूर झाला. पण तो कधी अमलात आणला गेला नाही. वाटाघाटीच्या मेजावरची खुर्ची किती महत्त्वाची असते, हे त्या न वापरलेल्या कायद्यावरूनच कळते.

मतपेटी आणि मान्यता

स्वातंत्र्याच्या सुमारास कामगार संघटनांचे पक्षांशी लग्न लागले. आयटक १९२० पासून होती. काँग्रेसच्या छायेतली इंटक १९४७ साली, समाजवाद्यांची हिंद मजदूर सभा १९४८ साली, भारतीय मजदूर संघ १९५५ साली आणि सिटू १९७० साली आली. पक्षाशी नाते जोडले की संघटनेला मंत्रालयाचे दार उघडे मिळते. पण त्याच दारातून पक्षही संघटनेत शिरतो. सत्ताधारी पक्षाची संघटना सरकारवर दबाव आणते, की सरकारचा दबाव कामगारांपर्यंत पोचवते, हे मग सांगता येईनासे होते.

मुंबईच्या गिरण्यांत हे स्पष्ट दिसले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका भागातील एका धंद्यात एकच प्रातिनिधिक संघटना मानली. तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. कामगारांचे गुप्त मतदान घेऊन प्रतिनिधी ठरवण्याची तरतूद नव्हती. सभासदांच्या नोंदी पाहिल्या जात. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीइतकाच हा कायदा रद्द करण्याचा प्रश्नही पुढे होता. ज्या संघटनेला मान्यता होती तिच्यामागे कामगार नव्हते आणि ज्या नेत्यामागे कामगार होते त्याला मान्यता नव्हती. सरकारने मान्यतेचा प्रश्न सोडवला नाही. संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विझत गेला, आणि लाखाच्या घरात कामगारांच्या नोकऱ्या गेल्या.

हरण्याचे कारण एकट्या सरकारचा हट्ट हे नव्हते. कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर निघत होते. तिथला कामगार असंघटित होता. ज्या दिवशी कापड दुसरीकडे निघू लागले, त्या दिवशी लालबाग-परळच्या कामगाराचे पहिले बळ, म्हणजे काम थांबवण्याचे बळ, संपले. दुसरे बळ उरले होते. १९८४ च्या काँग्रेसच्या लाटेतही डॉ. सामंत दक्षिण-मध्य मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. पण एका खासदाराने बंद गिरणीचा भोंगा वाजत नाही.

मतांच्या बळाचीही एक मर्यादा आहे. कामगार मतपेटीपाशी कामगार म्हणूनच जातो असे नाही. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची जून १९७० मध्ये हत्या झाली. त्यांच्या जागी झालेल्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. वस्ती तीच होती आणि गिरण्या त्याच होत्या. जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर दलित पँथरने बहिष्कार पुकारला, तेव्हा वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली. एकाच पाळीला गिरणीत जाणारे कामगार चाळीच्या दोन बाजूंना उभे राहिले. निवडणुकीत काँग्रेसचा उमेदवार पडला आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. दलित मतांनी, आणि दलितांनी न दिलेल्या मतांनीही, काय घडू शकते हे तेव्हा दिसले. पण कामगारांच्या एकीचे पितळही तेव्हाच उघडे पडले.

हजेरीपटाबाहेरचे

आज गिरण्यांच्या जागी मनोरे उभे आहेत. धोटाही गेला. खात्यांची ती जुनी वाटणी मात्र वेगळ्या नावाने जिवंत आहे. तिचे आजचे नाव कायम आणि कंत्राटी. झाडू, गटार, कचरा या कामांत कंत्राटी कोण आहे हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. सकाळी सहा वाजता रस्त्यावर उभे राहावे.

१९७० चा कंत्राटी कामगार कायदा वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होई. त्यामुळे कामाचे लहान लहान तुकडे करून वेगवेगळी कंत्राटे देणे, हा कायद्यातून निसटण्याचा सोपा मार्ग झाला. २०२० च्या संहितेने ही मर्यादा पन्नासवर नेली आहे. कंत्राटी कामगाराची पंचाईत अशी की, काम महापालिकेचे, गणवेश महापालिकेचा, शहर महापालिकेचे. पण कागदावर मालक कंत्राटदार. मग दबाव आणायचा कोणावर? मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने ही कोंडी न्यायालयात नेली आणि दीर्घ लढाईनंतर एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया. त्यांना तर मालकच नव्हता. त्यांनी संपाऐवजी ओळखपत्र मागितले. आम्ही चोर नाही, भिकारी नाही, कष्टकरी आहोत, हे पालिकेने मान्य करावे ही त्यांची पहिली मागणी होती. ज्याला कोणी कामगारच मानत नाही, त्याची पहिली लढाई पगाराची नसते; मोजले जाण्याची असते.

हे लिहिताना माझ्या स्वतःच्या व्यवसायाला वगळणे बरे नव्हे. मी काही वर्षे तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. घरात पदवी घेतलेला मी पहिला, त्यामुळे ‘प्राध्यापक’ या शब्दाचे घरी फार कौतुक. महिन्याकाठी हातात काय पडते ते मी सांगत नसे. त्या काळात प्राध्यापकांच्या एका संघटनेकडे मी सभासदत्वाचा अर्ज मागितला. मला सांगण्यात आले, “सर, आधी कायम व्हा, मग या.” सांगणारे गृहस्थ चांगले होते, पुरोगामी होते. त्यांना यात काही वावगे वाटले नाही. आज मी कायम आहे आणि सभासदही आहे. आमच्या मागणीपत्रात तासिकावाल्यांची मागणी असते. ती शेवटच्या पानावर असते, आणि वाटाघाटीत पहिल्यांदा तीच सुटते. मीही त्यावर हात वर करून बसलो आहे. म्हणून साच्यावरच्या त्या विणकराला दोष देताना मला अडखळायला होते.

आता काय?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चारही श्रमसंहिता लागू केल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेनुसार, एकाहून अधिक संघटना असतील तिथे आस्थापनेच्या हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना होईल. बाबासाहेबांनी १९४३ साली मागितलेली मान्यता अखेर आली, असे कोणी म्हणेल. पण ‘हजेरीपटावरील’ हा शब्द पाहा. ज्याचे नाव कंत्राटदाराच्या वहीत आहे, तो या ५१ टक्क्यांत कुठे बसतो? आणि संपाआधी नोटिशीची सक्ती सर्वच उद्योगांना लावल्यामुळे, ज्यांच्याकडे फक्त अचानक काम थांबवण्याचे बळ होते त्यांचे तेवढेही बळ कमी झाले आहे.

अशा वेळी संघटनेपासून दूर राहणे ही चैन आपल्याला परवडणारी नाही. एकट्या माणसाला ना मालक विचारतो, ना सरकार. परंतु कोणत्याही संघटनेची पावती घेताना कार्यकर्त्याने तीन प्रश्न विचारावेत. या संघटनेचे दार कोणाला बंद आहे? संप झाला तर आधी उपाशी कोण राहील, आणि जिंकलो तर आधी कोणाला मिळेल? वाटाघाटीला बसणाऱ्यांत झाडू मारणारा माणूस आहे का, की त्याच्या वतीने दुसराच बोलतो?

उत्तरे समाधानकारक नसतील तर १९२८ साली बाबासाहेबांनी जे केले ते करावे. आपली मागणी मागणीपत्रात घालून घ्यावी. ती घातली जात नसेल तर आपल्या पाठिंब्याची किंमत मोठ्याने सांगावी. यात फूट नाही. फूट आधीच पडलेली असते. आपण फक्त तिच्यावर बोट ठेवतो. आमच्या संघटनेच्या येत्या सभेत तासिकावाल्यांना सभासद करून घेण्याचा ठराव मी मांडणार आहे. तो पहिल्या वर्षी पडेल, याची मला कल्पना आहे. विणकाम खात्याचे दारही एका संपात उघडले नव्हते.